शेवटची आच

भालचंद्र राऊतांच्या शेडमध्ये खुर्च्या दोनच होत्या, आणि कोणाची पत किती ते त्या खुर्च्यांवरून कळायचं. एक शेठची. दुसरी मुंबईहून कंपनीचा माणूस आला तर त्याच्यासाठी; एरवी तिच्यावर पंचांग आणि शेठचा जेवणाचा डबा. बाकी सगळे स्टुलावर, ड्रमवर, नाहीतर स्वतःच्या पायांवर. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ही दुसरी खुर्ची सॅन्टन तुस्कानोला मिळाली, आणि वर शेठच्या बायकोने, चंद्रकांताबाईंनी, घरी शिवलेली उशी. उशी कशाबद्दल मिळाली हे कळायला आधी शेडमध्ये काय बनत होतं ते सांगायला हवं.

राऊत मूळचे वाडीवाले, बागायतदार. वाडीचा एक तुकडा विकून त्यांनी वसईजवळ सातिवलीत पत्र्याची शेड उभी केली आणि गावातले भालूदादा सातिवलीत भालूशेठ झाले. मुंबईची एक कंपनी बेकऱ्यांसाठी विजेच्या भट्ट्या बनवायची. भट्टीतली तापणारी तार पत्र्यातून जिथे आत शिरते तिथे एक जाड कडी बसवावी लागते, पत्र्यात वीज उतरू नये म्हणून. या कड्या शेठच्या शेडमध्ये ओतल्या जात. साध्या प्लास्टिकची कडी तिथे तासाभरात मेणासारखी ओघळेल. म्हणून तिला वेगळं रेझिन लागे, एकदा घट्ट झालं की कितीही तापवलं तरी पुन्हा पातळ न होणारं.

कृती स्वयंपाकासारखीच होती. रेझिन गरम करायचं, त्यात हार्डनरची पूड आणि गारगोटीचं पीठ घालायचं, शेवटी एका बाटलीतले मोजके थेंब, आणि साच्यात ओतून ओव्हनमध्ये. ते थेंब नसतील तर रेझिन आळसावून बसतं. थेंब पडले की त्याला घाई सुटते. बाटलीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण झाकण काढलं की असा वास सुटे की जणू कोणी शेडमध्ये मासळी वाळत घातली आहे. कड्यांची खरड काढणारी सालोमी त्याला म्हावऱ्याचं पाणी म्हणे. तेच नाव चाललं, शेठच्या तोंडीसुद्धा.

पण साच्यात घट्ट झाली म्हणजे कडी झाली असं नव्हतं. साच्यातून काढलेल्या कड्या पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून, उष्णता पायरीपायरीने चढवत, रात्रभर भाजाव्या लागत. हिला सगळे शेवटची आच म्हणत. कडीला भट्टीची धग सोसायची ताकद येते ती या आचेत. आली की नाही, हे वरून बघून कळत नाही. सगळा घोटाळा इथेच आहे.

उन्हाळ्यात कंपनीची मागणी दुप्पट झाली. शेठ कपाळाला हात लावून बसले.

“दुसरा ओव्हन घ्यायचा म्हणजे दुसरी वाडी विकायची,” ते म्हणाले.

“ओव्हन कशाला, शेठ?” सॅन्टन म्हणाला. “माझ्यावर सोडा.”

सॅन्टन भुईगावचा, बी.एस्सी. झालेला. आपली पदवी सातिवलीच्या पत्र्याखाली फुकट चालली आहे असं त्याला वाटत असे, आणि तसं वाटतं हे इतरांना कळावं याचीही तो काळजी घेई. वजनकाट्याची छोटी खोली त्याच्या ताब्यात होती. त्या खोलीचं दार लावून त्याने म्हावऱ्याचं पाणी तिप्पट केलं. बोलला कोणाशीच नाही; मसाल्याचं प्रमाण सुनेपासून लपवणाऱ्या सासूसारखं त्याने ते प्रमाण लपवलं.

गुण लगेच आला. जे साचे मोकळे व्हायला दिवस जायचा, ते जेवणाच्या सुट्टीआधी मोकळे होऊ लागले. दुसरा घाणा दुपारी ओतता येऊ लागला. आणि कड्यांचा रंग! एरवी साच्यातून फिकट निघणारी कडी शेवटच्या आचेनंतर मधासारखी होई. आता ती साच्यातूनच मधासारखी निघत होती.

तुस्कानोंच्या घरी केळीची वाडी. कच्चे घड बंद खोलीत रचून धूर द्यायचा आणि पिकवायचे, हे सॅन्टनने रांगत्या वयापासून पाहिलेलं. मुंबईचा व्यापारी दारात उभा राहिला की धूर जास्त कोंडायचा, केळं एका रात्रीत पिवळंधमक व्हायचं आणि टेम्पोत चढायचं. गाभा कच्चा राहिला तर ते मुंबईत कळायचं, भुईगावात नाही. सॅन्टनचा बाप निदान देठापाशी दाबून बघायचा. मुलगा रंगावर गेला. रंग आला म्हणजे आच अर्धी बसली, असा हिशेब त्याने मनाशी केला; कडीवर नख ओढलं, टेबलावर आपटून तिचा खणखणीत आवाज ऐकला, आणि शेठना सांगितलं, “आता रात्रभर ओव्हन नको. दुपारी चढवायचा, शेड बंद करताना उतरवायचा. नव्या औषधाने तेवढं पुरे.”

शेठनी विजेच्या बिलाकडे बघितलं आणि उशी शिवायला सांगितली.

दुपारी ओव्हन चढवायचं काम हिरामणचं. हिरामण जूचंद्रचा. रुंद, हसरा, कामाला वाघ. पण जेवण झालं की वाघ गुहेत. ओव्हनच्या उबेला ड्रमवर बसे आणि हनुवटी छातीला टेके.

“हिरामण, जेवलास ना?” सालोमी ओरडे. “मग आता तूही घट्ट होशील. पाणी घालायचं का म्हावऱ्याचं?”

“जागा हाय गो. डोले मिटून काटा बघतो.”

“मिटून दिसतो?”

“सवयीनं.”

सगळे हसत. हिरामणही हसे आणि उठून बटण फिरवी. कधी वेळेवर, कधी पाव तासाने. सॅन्टननेही त्याला कधी रागे भरलं नाही. त्या हसण्यात तोही होता.

गणपती बुडाले आणि त्या आठवड्यात कंपनीचा इंजिनीअर आला. जीपमधून दोन पोती उतरवली. पोत्यांत आपल्याच कड्या होत्या, पण ओळखू न येणाऱ्या. वाकलेल्या, बसलेल्या, कुल्फी चाटून ठेवावी तशा. इंजिनीअर खुर्चीत बसला नाही. एक कडी त्याने फरशीवर ठेवली आणि हातोडा घातला. वरचं कवच मधासारखं होतं. आत बारीक बुडबुडे आणि गाभा मळकट.

“शेवटची आच बसलेली नाही,” तो म्हणाला. “एका बेकरीत तार पत्र्याला टेकली. माणूस भिंतीवर फेकला गेला. वाचला, पण हात अजून उचलत नाही. भालचंद्रराव, हे काय चाललंय?”

शेडमध्ये कड्या घासायचा ग्राइंडर बंद झाला. सॅन्टनला तिथल्या तिथे सगळं कळलं: रंग का आला, आच का बसली नाही, घाईने घट्ट झालेलं रेझिन आतल्या आत कसं तापलं असेल. पदवी फुकट गेली नव्हती. फक्त उशिरा उपयोगाला आली.

शेठनी विचारलं, “ओव्हनवर कोण असतं?”

हा प्रश्न शेठनी का विचारला, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं का, याचा विचार सॅन्टनने पुढे पुष्कळ केला. त्या क्षणी मात्र उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. ड्रमजवळून हिरामण पुढे आला. चेहरा राखेसारखा.

“मी असतो शेठ. मी... मी झोपतो कधी कधी. बटन फिरवायला उशीर झाला असेल.”

“कधी?”

“एकदा तर झालाच. चांगला पाव तास.” मग पोत्यांकडे बघत, “रोजच झाला असेल, शेठ. दोन पोती हायत.”

सॅन्टनने तोंड उघडलं. ते सगळ्यांना दिसलं असतं, जर कोणी त्याच्याकडे बघत असतं. पण सगळे हिरामणकडे बघत होते. त्याने तोंड मिटलं. पाव तासाने काही होत नाही, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं; ते बोललं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कशाने झालं? ते वाक्य तिथेच गिळून त्याने चहा मागवला, इंजिनीअरसाठी.

हिरामण त्याच दिवशी गेला. जाताना सालोमीला म्हणाला, “मानूस मेला असता गो.” ती काही बोलली नाही. रोज बोलणारी बाई गप्प बसली की तिचं गप्प बसणंही मोजलं जातं. हिरामणने ते आपल्या नावावर मांडून घेतलं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून सॅन्टन घरी आला तर ओट्यावर हिरामण बसलेला, पायाशी पिशवी. सॅन्टनची बायको रेजिना त्याला पाणी देत होती.

“साहेब, तुमच्या पाया पडायला आलो.”

“अरे, काय हे...”

“तुमी एवढं डोकं लावून नवं औषध काढलं. शेठचं भलं केलं. आनि माझ्या झोपेनं तुमच्या नावाला बट्टा लागला. मला ते बरं नाय वाटलं.” त्याने पिशवी पुढे सरकवली. “बायकोनं बोंबील सुकवलेत. नर्मदेच्या हातचे. घ्या.”

“नको, हिरामण.”

“मंग तुमी माफ केलं नाय.”

आता यावर काय करायचं? सॅन्टनने पिशवी घेतली. हिरामणचा चेहरा इतका उजळला की सॅन्टनला तो बघवेना. माफी मागायला आलेल्याला माफी मिळाली, आणि देणारा चोरासारखा आत गेला.

दुपारी रेजिनाने बोंबील परतले, कांदा-लसूण घालून. सॅन्टनने ते ताटाच्या कडेला सरकवले.

“काय झालं? उपासाचे दिवस तर नाहीत.”

“पोट बरं नाही.”

“पोट बरं नाही म्हणणारा माणूस भात दोनदा घेत नाही,” रेजिना म्हणाली. ती गावच्या शाळेत शिकवत होती आणि खोटं बोलणारी पोरं रोज चाळीस बघत होती. “मघाशी तो तुमच्या पाया पडला तेव्हा तुम्ही पाय मागे घेतलेत. का?”

“उगाच लोक पाया पडतात, मला आवडत नाही.”

“गेल्या वर्षी माझा मामेभाऊ पडला तेव्हा आवडलं होतं.” तिने आणखी विचारलं नाही. बोंबील मात्र त्याच्या ताटातून काढलेही नाहीत.

सोमवारी सॅन्टनने खोलीचं दार लावून म्हावऱ्याचं पाणी पूर्वीइतकं केलं, आणि शेवटची आच पुन्हा रात्रभर ठेवली. हे त्याचं प्रायश्चित्त होतं, त्याच्या हिशेबाने पुरेसं. माल सुधारेल, कोणाला धक्का बसणार नाही, झालं गेलं संपेल. ओव्हनवर आता शेठचा भाचा बसू लागला. तो झोपत नसे, पण जागा राहून काही करतही नसे.

“साहेब, आच परत रात्रभर कशाला?” सालोमीने विचारलं.

“थंडीचे दिवस आहेत.”

“भादव्यात?” ती म्हणाली. “बरं.”

माल सुधारला. इतका सुधारला की इंजिनीअर स्वतः आला, दहा कड्या फोडून बघितल्या, आणि या वेळी खुर्चीत बसला. शेठनी त्याला पेढा दिला.

“बघा साहेब, एक माणूस काढला आणि माल सोन्यासारखा झाला,” शेठ म्हणाले, पत्र्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि सॅन्टनला कळलं की आपण काय केलं. आधी हिरामणवर नुसता संशय होता. आपण गुपचूप चूक दुरुस्त केली आणि हिरामणविरुद्धचा पुरावा तयार करून दिला, रंगासकट, आवाजासकट, फोडून बघण्याइतका पक्का. आता हिरामण निर्दोष आहे असं म्हणायला खुद्द हिरामणही तयार झाला नसता.

बातमी सातिवलीभर झाली. कोणत्याही शेडमध्ये ओव्हनच्या, बॉयलरच्या, प्रेसच्या कामाला हिरामणचं नाव निघालं की लोक डोळे मिटून घोरून दाखवत. शेवटी तो मिठागरावर गेला. ती खबर सालोमीने आणली. तिची बहीण जूचंद्रशेजारच्या नायगावला दिलेली.

“रात्री झोपत नाही म्हणे आता,” ती कडी घासता घासता म्हणाली. “अंगणात फेऱ्या मारतो. बायको बोलते, कामावर झोपलास, आता घरी जाग. तो म्हणतो, त्या बेकरीवाल्याचा हात दिसतो. रोज शिव्या खातो बिचारा, आणि उलट बोलत नाही.”

त्या रात्री सॅन्टनला गाढ झोप लागली. सकाळी उठला तेव्हा त्याला पहिली आठवण हिरामणची झाली, आणि दुसरी ही, की आपल्याला झोप लागली. लाज वाटावी अशा गोष्टी त्याने पुष्कळ केल्या होत्या. शांत झोपल्याची लाज पहिल्यांदा वाटली.

नाताळ जवळ आला म्हणून तो कुमसाराला गेला. फादरांपुढे त्याने पापं सांगितली: दोन रविवार मिस्सा चुकली, बायकोवर चिडलो, कामावर एका बाबतीत गप्प बसलो, दारू जरा जास्त घेतली. चांगल्या कड्यांच्या पेटीत मधेच एक फुटकी कडी सरकवावी तसं त्याने ते सरकवलं. फादर घाईत होते, मागे रांग होती. थोड्या प्रार्थना सांगितल्या. सॅन्टनने गुडघ्यावर बसून त्या म्हटल्या, उठला, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की फादरांनी क्षमा केली ती दारूची आणि चिडण्याची. तिसरं पाप त्याने सांगितलंच नव्हतं. नुसतं उच्चारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेठच्या टेबलासमोर उभा राहिला.

“शेठ, त्या कड्या हिरामणमुळे बिघडल्या नव्हत्या.”

“बस.”

“मी पाणी तिप्पट टाकत होतो. आच कमी केली ती माझ्या सांगण्यावरून. पाव तास उशिराने काही होत नाही.”

शेठनी सुपारी कातरली. “सॅन्टन, मला काहीतरी नवीन सांग.”

“म्हणजे?”

“म्हणजे रात्रीची वीज पुन्हा सुरू झाली, साचे पुन्हा उशिरा मोकळे व्हायला लागले, माल सुधारला. मी वाडीवाला आहे, खुळा नाही. आच अर्धी केलीस तेव्हा मान कोणी हलवली? मीच ना?”

“मग हिरामण...”

“हिरामण झोपला नव्हता?”

“झोपला होता.”

“मग खोटं कोण बोललं?” शेठनी सुपारी तोंडात टाकली. “कंपनीला आपण न विचारता कृती बदलली असं कळलं तर उद्या ही शेड बंद. एक माणूस झोपला, ही गोष्ट कंपनीला समजते. झोप सगळ्यांना समजते.”

सॅन्टन उभाच राहिला. शेठनी त्याच्याकडे जरा बघितलं. वाईट माणूस नव्हता, नुसता हिशेबी.

“तुला एवढं लागलंय तर परत घेऊ त्याला. एक तारखेपासून. सांग, शेठनी माफ केलं. तूच जा सांगायला. तो खूश, तू खूश, तुझा नाताळही बरा जाईल. पण कारण बोलायचं नाही. कळलं?”

सॅन्टनला कळलं. इतकंच नाही, पटलंही. जूचंद्रपर्यंत लुनावर जाताना, खाडीचा वारा छातीवर घेत, त्याने ती माफी मनात घोळवून पाहिली आणि तिच्यात खोट सापडली नाही. माणसाला काम मिळतंय. आणखी काय हवं?

नर्मदा अंगणात जाळं दुरुस्त करत होती. साहेब दारात बघून तिने पदर सावरला, आत धावली, चटई घातली.

“शेठनी हिरामणला परत बोलावलंय,” सॅन्टन म्हणाला. “एक तारखेपासून. झालं गेलं विसरले ते.”

नर्मदेच्या डोळ्यांना धार लागली. “तुमीच बोलला असाल शेठशी. मला म्हायत हाय. तुमी देवमानूस, साहेब. मी ह्येला रोज सांगते, ज्यांचं वाटोलं केलंस त्यांनीच तुला माफ केलं, निदान त्यांचं तरी तोंड बघ.” तिने चहा टाकला, गुळाचा, आणि बशीत पोह्याचे पापड. सॅन्टनने पापड तोडला. तो चांगला कुरकुरीत होता; त्याने त्याचे तुकडे करून बशीतच ठेवले.

तेवढ्यात हिरामण आला, पोटऱ्यांपर्यंत मिठाची पांढरी पुटं. निम्मा झाला होता. नर्मदेने दारातच बातमी सांगितली. तो सॅन्टनसमोर उकिडवा बसला, हात जोडले.

“साहेब, पोराची आन घेतो. परत डोला लागला तर...”

“आण घेऊ नकोस.”

“घेतो. ऐका तर खरं...”

“घेऊ नकोस म्हटलं ना!” सॅन्टन एवढ्या जोरात बोलला की शेजारची बाई कुंपणापाशी आली. आणि मग, शेठनी सांगितलेलं सगळं विसरून नव्हे, सगळं नीट आठवत असताना, त्याने सांगून टाकलं. म्हावऱ्याचं पाणी तिप्पट केलं, दार लावून. रंगाला भुललो. आच मी तोडली. गाभा कच्चा राहिला तो माझ्यामुळे. तू बटण वेळेवर फिरवलं असतंस, रोज, काट्यावर काटा ठेवून, तरी त्या कड्या वाकल्याच असत्या.



“मंग तो बेकरीवाला,” हिरामण म्हणाला. “तो माझ्या हातनं नाय?”

“नाही. माझ्या.”

हिरामणने जोडलेले हात सोडले. ते कुठे ठेवावे कळेना म्हणून जमिनीवर टेकले, आणि एक मोठा श्वास बाहेर टाकला. मग त्याने मान वर केली. सॅन्टनला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“पोती आली तवा म्हायत होतं?”

“हो.”

“मी बोंबील घेऊन आलो तवा?”

“हो.”

नर्मदा चुलीपाशी उभी होती. “मी त्याला काय काय बोलले,” ती म्हणाली, सॅन्टनला नव्हे, चुलीला. “पोरांसमोर बोलले. मानूसमाऱ्या म्हटलं त्याला.” मग वळली. “तुमचं तुमी बोलून टाकलंत साहेब. बरं वाटलं ना? आता हे मी कुठं टाकू?”

सॅन्टनला खरोखरच बरं वाटलं होतं. तिने विचारेपर्यंत.

“हिरामण, मला...”

“शेठना म्हायत हाय?”

“आहे.”

“तरी माफ केलं म्हनून सांगितलं?” हिरामण उठला, हंड्यातल्या पाण्याने पाय धुतले, खुंटीवरचा सदरा घातला. “माझा गुन्हाच नाय तर मला माफ करनारा तो कोन? चल.”

“कुठे?”

“शेडवर. सगल्यांसमोर सांग.”

“शेठनी सांगितलंय, कारण बोलायचं नाही. हिरामण, काम तर मिळतंय. मी बोललो तर तेही जाईल. माझंही.”

“काम मिठागरावर पन मिलतं,” हिरामण म्हणाला. “लोक घोरून दाखवतात ते बंद होत नाय. तू चल.”

‘साहेब’ कुठे गळून पडला ते दोघांनाही कळलं नाही. विचारायची हिंमत सॅन्टनला झाली नाही. लुना आधीच म्हातारी, त्यात मागे हिरामण. चढावर ती धापा टाकू लागली तेव्हा सॅन्टनने पायडल मारायला सुरुवात केली. हिरामण उतरला नाही.

सातिवलीला पोचले तेव्हा शेडमध्ये चहाची वेळ होती. सालोमी, साचे भरणारे दोघे, शेठचा भाचा, सगळे ग्लास घेऊन ओळीने बसलेले. हिरामणला बघून भाचा दुसऱ्याला कोपराने ढोसून डोळे मिटू लागला. शेठ टेबलामागून उठले. दोघांकडे बघितलं, आणि त्यांना हिशेब लागला.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” सॅन्टन म्हणाला. “त्या परत आलेल्या कड्या...”

शेठ सावकाश चालत भिंतीपाशी गेले आणि ग्राइंडरचं बटण दाबलं. पत्र्याची शेड घरघराटाने भरली. सॅन्टन बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. बोलता बोलता त्याच्या मनात आलं, की झालं, मी सांगितलं. ऐकू गेलं नाही तर माझा काय दोष?

“काय म्हणतायत ओ साहेब?” सालोमी ओरडली.

हिरामण शेठच्या समोर गेला. शेठ बाजूला झाले नाहीत. त्याने त्यांच्या खांद्यावरून हात घालून बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. बटणावरचा हात त्याने तसाच ठेवला.

“आता बोल,” तो म्हणाला. “पयल्यापासून.”

सॅन्टनने शेठकडे बघितलं नाही. वजनकाट्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याने आत जाऊन ती बाटली आणली, सगळ्यांमध्ये ड्रमवर ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.